बांधी, दोरी आणि मसावि

भंडाऱ्याहून महामार्गानं लाखनी, साकोलीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या लागतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला, पाणी धरून ठेवणारा धानाच्या शेताचा तुकडा. कोकणात त्यालाच खाचर म्हणतात. मालगुजारी तलावाखालच्या शेतात पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, त्यामुळे प्रत्येक बांधी आतून सपाट असावी लागते आणि तिचे धुरे जमिनीच्या उताराप्रमाणे वळतात. म्हणून बहुतेक बांध्या वेड्यावाकड्या आकाराच्या असतात. पण जिथे जमीन मुळातच सपाट आहे किंवा मशीन लावून सपाट केली आहे, तिथे सरळ धुऱ्यांच्या, नेमक्या आयताकृती बांध्याही दिसतात. या प्रकरणासाठी आपल्याला तशी एक बांधी हवी आहे.

समजा ती ३६ मीटर लांब आणि २१ मीटर रुंद आहे. क्षेत्र ७५६ चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या हिशेबात साडेसात आरांहून जरासं जास्त. शेतकऱ्याला या बांधीत धानाची वेगवेगळी वाणं आणि वेगवेगळी खतं लावून पाहायची आहेत. तुलना खरी व्हायची तर तुकडे सारखे हवेत, आणि चौरस असले तर मोजायला सोपे. धुऱ्याच्या कडेला एकही पट्टी वाया जाता कामा नये. शिवाय तुकडा जितका मोठा तितकी तुलना भरवशाची, कारण लहान तुकड्यात काठावरच्या रोपांचंच प्रमाण जास्त होतं, आणि काठावरच्या रोपाला ऊन-वारा आतल्यापेक्षा वेगळा मिळतो. तर या बांधीत बरोबर बसणारा सर्वांत मोठा चौरस केवढा?

एक मीटरचा चौरस बसतो, हे तर उघडच आहे. दोन मीटरचा बसत नाही, कारण २१ ला दोननं भाग जात नाही. तीनचा बसतो. चारचा २१ वर अडतो, सातचा ३६ वर अडतो, नऊचा पुन्हा २१ वर. असं एकेक आकडा घेऊन पाहिलं तरी उत्तर मिळेल, पण आकडे मोठे झाले की ही वाट संपत नाही. याहून चांगली वाट आहे, आणि तिच्यासाठी आकड्यांचीही गरज नाही. एक दोरी पुरते.

उन्हाळ्यात बांधी कोरडी असताना दोन दोऱ्या घ्या. एक बांधीच्या लांबीएवढी कापा, दुसरी रुंदीएवढी. धाकटी दोरी थोरलीवर एका टोकापासून ठेवा आणि तेवढा भाग थोरलीतून कापून टाका. ३६ मधून २१ गेले, १५ उरले. आता २१ ची दोरी थोरली झाली आणि १५ ची धाकटी. पुन्हा तेच करा: २१ मधून १५ गेले, उरले ६. मग १५ मधून ६ दोनदा जातात आणि ३ उरतात. शेवटी ६ मधून ३ दोनदा जातात आणि काहीच उरत नाही. ज्या तुकड्यानं शेवटी सगळं पुरं मोजलं, तो ३ मीटरचा. आपला चौरस तेवढ्याच बाजूचा. लांबीत असे १२ बसतात, रुंदीत ७, एकूण ८४.

हीच कृती जमिनीवर फक्की टाकूनही करता येते, आणि डोळ्यांना ती जास्त पटते. ३६ बाय २१ च्या बांधीत आधी २१ मीटरचा एक मोठा चौरस आखा. शेजारी १५ बाय २१ ची पट्टी उरेल. तिच्यात १५ चा एक चौरस आखला की ६ बाय १५ उरतं. त्यात ६ चे दोन चौरस बसतात आणि कोपऱ्यात ३ बाय ६ चा तुकडा राहतो. त्यात ३ चे दोन चौरस, आणि बांधी संपली. सहा चौरस झाले: एक २१ चा, एक १५ चा, दोन ६ चे, दोन ३ चे. आता कोपऱ्यातल्या त्या सर्वांत लहान चौरसाकडे उभं राहून मागे पाहा. ६ च्या चौरसात तो दोन-दोनदा बसतो, १५ च्या चौरसात पाच-पाचदा, २१ च्या चौरसात सात-सातदा. म्हणजे सगळी बांधी त्यानं भरून निघते.

पण यापेक्षा मोठा चौरस बसणारच नाही, हे कशावरून? समजा एखादा चौरस या बांधीत बरोबर बसतो. म्हणजे त्याची बाजू ३६ ला पूर्ण मोजते आणि २१ लाही पूर्ण मोजते. मग ती त्या दोघांच्या फरकाला, १५ लाही पूर्ण मोजलीच पाहिजे, कारण पूर्ण पटीतून पूर्ण पट वजा केली तर उरते तीही पूर्ण पटच. तोच न्याय २१ आणि १५ ला लावा, ६ हाती येतात. पुढे १५ आणि ६ मधून ३. म्हणजे बांधीत बसणारा कोणताही चौरस घेतला तरी त्याची बाजू ३ मीटरला पूर्ण मोजणारी असते, आणि ३ ला पूर्ण मोजणारी बाजू ३ पेक्षा मोठी कशी असेल? मला या युक्तिवादात सर्वांत आवडतं ते हे, की तो फक्त उरलेल्या तुकड्यांकडे पाहतो. जे कापून टाकलं त्याचा विचारही करावा लागत नाही.

शाळेत याच उत्तराला मसावि म्हणतात, महत्तम सामाईक विभाजक. ३६ आणि २१ चा मसावि ३. तो काढायला मुलांना बहुतेक वेळा आधी मूळ अवयव पाडायला शिकवतात: ३६ म्हणजे २ × २ × ३ × ३, २१ म्हणजे ३ × ७, सामाईक अवयव ३. ही रीत चुकीची नाही. पण ती पहिली शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. तिनं उत्तर मिळतं, पण दोन लांबींचा परस्परांशी असलेला संबंध दिसत नाही. शिवाय मूळ अवयव पाडणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. १०.७३ मीटर बाय ११.४७ मीटरचं एक सभागृह घ्या आणि सेंटिमीटरमध्ये १०७३ आणि ११४७ चे अवयव पाडायला बसा. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकानंही भाग जात नाही, आणि मूल कंटाळून वही मिटतं. दोरीच्या रीतीनं मात्र ११४७ मधून १०७३ गेले, उरले ७४. १०७३ मध्ये ७४ चौदा वेळा जातात, ३७ उरतात. ७४ मध्ये ३७ बरोबर दोनदा. तीन पायऱ्यांत उत्तर: ३७ सेंटिमीटर. चौरस २९ गुणिले ३१, म्हणजे ८९९.

ही रीत फार जुनी आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सातव्या भागाची सुरुवातच तिनं होते. तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००. तिथेही ती लहान लांबी मोठीतून पुन्हा पुन्हा वजा करण्याचीच आहे. आपल्याकडे आर्यभटानं इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त कुट्टकाची रीत दिली. तिचा कणा हाच परस्पर भागाकार. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर नियम अगदी सुटा सांगितला आहे: दोन संख्यांना एकमेकींनी भागत जावं, शेवटी जो शेष उरतो तोच दोघींना निःशेष भागणारा. हा ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या त्या मठात मुलं शेषावर शेष काढत बसली असतील, ही कल्पना मला फार प्रिय आहे.

पायऱ्या किती लागतील, याचाही अंदाज बांधता येतो. १८४४ साली गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केलं, की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीहून अधिक भागाकार कधीच लागत नाहीत. दोन अंकी संख्या असेल तर फार तर दहा. शंभर अंकी असेल तरी पाचशेच्या आत काम संपतं. उलट शेकडो अंकी संख्येचे मूळ अवयव पाडणं आजच्या संगणकांनाही जड जातं. संगणकावरच्या गुप्त संदेशांची एक सर्वपरिचित पद्धत या फरकावरच उभी आहे.

आता बांधीत परत येऊ, कारण तिथे एक सुंदर पडताळा करून पाहण्यासारखा आहे. समजा कुणी ३६ बाय २१ च्या बांधीत दीड मीटरचे चौरस आखले. लांबीत २४, रुंदीत १४. बसले बरोबर, पण ते सर्वांत मोठे आहेत का? आकडे बाजूला ठेवा आणि बांधीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. ती दोरी वाटेत चौरसांच्या एखाद्या कोपऱ्यावरून नेमकी गेली, तर समजावं, चौरस आणखी मोठे करता येतील. इथे ती बरोबर मधोमध, लांबीतला बारावा आणि रुंदीतला सातवा चौरस संपतो त्या कोपऱ्यावरून जाते. तीन मीटरचे चौरस आखले असतील तर मात्र दोरी दोन टोकं सोडून कोणत्याही कोपऱ्याला शिवत नाही. प्रत्येक वेळी एखादी रेघ मधेच कापते आणि पुढच्या चौरसात शिरते. अशा रेघा आतून ११ उभ्या आणि ६ आडव्या, एकूण १७. प्रत्येक रेघ ओलांडली की नवा चौरस, आणि सुरुवातीचा एक धरून दोरी १८ चौरसांतून जाते. बारा अधिक सात वजा एक. हे नुसतं वाचू नका, चौकटींच्या वहीत पट्टीनं तिरपी रेघ मारून मोजा.

धान लावणारा शेतकरी चौरस आखतो तो पुष्कळ लहान. ‘श्री’ पद्धतीनं रोवणी करायची तर पऱ्हे आठ ते बारा दिवसांचे असताना, एकेक रोप, २५ बाय २५ सेंटिमीटरवर लावायचं असतं. आँरी द लोलानिए या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूनं १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये ही पद्धत बसवली. चौरसाचा आग्रह यासाठी, की निंदणाचं कोनोवीडर उभंही चालवता यावं आणि आडवंही. आपल्या बांधीत हे अंतर बसतं का? ३ मीटर म्हणजे ३०० सेंटिमीटर, आणि त्याला २५ नं पूर्ण भाग जातो. एवढं कळलं की लांबी आणि रुंदी वेगवेगळी तपासायची गरज राहत नाही. मसाविला ज्या संख्येनं भाग जातो, तीच आणि तेवढीच दोन्ही बाजूंना चालते. लांबीत १४४ आणि रुंदीत ८४ चौरस पडतात. हेक्टरी हिशेब केला तर चौरस मीटरला १६ रोपं, म्हणजे १ लाख ६० हजार.

महाराष्ट्रात कृषी खात्यानं प्रसार केलेल्या चारसूत्री लागवडीत मात्र गंमत वेगळी आहे. तिथे रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात. त्यामुळे चार-चार चुडांचे १५ सेंटिमीटरचे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खत पाण्याबरोबर वाहून न जाता मुळांपाशी राहतं. एक चौकोन आणि त्याच्या बाजूची मोकळी जागा धरली तर ४० सेंटिमीटरचा चौरस होतो. हेक्टरमध्ये असे ६२,५०० बसतात, आणि २.७ ग्रॅमच्या तेवढ्या गोळ्यांचं वजन जवळपास १६९ किलो. आपल्या बांधीत ४० सेंटिमीटर बसतात का? ३०० ला ४० नं भाग जात नाही, म्हणजे कुठेतरी अडणार. लांबीत ३६०० ला बरोबर ९० वेळा बसतात, पण रुंदीत २१०० मध्ये ५२ वेळा बसून २० सेंटिमीटर उरतात. प्रत्यक्षात एवढ्यानं कुणाचं अडत नाही. धुऱ्याकडे वीतभर जागा तशीही सोडावी लागते, आणि दोरीला चिखलात थोडा ढिलेपणा असतोच. पण ती वीत का उरली, हे ३०० आणि ४० एकमेकांसमोर ठेवले की लगेच कळतं.

जमीन मोजायच्या मापांतही चौरस दडलेले आहेत. आर म्हणजे १० बाय १० मीटरचा चौरस. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फुटांचा. एकर मुळात मोजत ते ६६ फुटांच्या साखळीनं: दहा साखळ्या लांब, एक साखळी रुंद, म्हणजे ६६० बाय ६६ फूट. या पट्टीत ६६ फुटांचे दहा चौरस पडतात आणि ३३ फुटांचे चाळीस, म्हणूनच एकराचे चाळीस गुंठे. आपल्याकडे भंडारा-नागपुरात बोलण्यात येणारा डिसमिल हा एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. त्याची बाजू फुटांत किंवा इंचांत नीट सांगता येईल असा चौरस होत नाही.

हाच प्रश्न घराच्या फरशीत आला की माप कोणत्या एककात घेतलं याला फार महत्त्व येतं. खोली १२ बाय १० फूट, मसावि २ फूट, आणि दुकानात ‘दोन बाय दोन’ची टाइल मिळते. सहा गुणिले पाच, तीस टाइल्स घेतल्या की काम फत्ते, असं वाटतं. पण ज्या टाइलला आपण दोन फुटी म्हणतो ती बहुधा ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. बारा फूट म्हणजे ३६५७.६ मिलिमीटर. त्यात सहा टाइल्स ३६०० घेतात आणि साडेपाच सेंटिमीटरहून जास्त जागा उरते. दहा फुटांच्या बाजूलाही ४८ मिलिमीटर उरतात. सांध्यांत त्यातलं थोडंसंच जिरतं. म्हणून चांगला मिस्त्री कामाला लागण्याआधी टाइल्स कोरड्या मांडून पाहतो आणि कापलेली पट्टी पलंगाखाली किंवा दाराआड जाईल अशी सोय करतो. घर बांधताना खोली आतून मिलिमीटरमध्ये आखून घेतली असती तर ही पट्टी कापावी लागली नसती. माझा आग्रह आहे की नकाशा काढतानाच हा हिशेब व्हावा.

आता घरातलाच एक कागद घ्या, ए-४ आकाराचा. तो २९७ बाय २१० मिलिमीटर असतो. कात्रीनं किंवा पेन्सिलीनं बांधीतलीच कृती त्याच्यावर करा. २१० चा एक चौरस, उरले ८७. मग ८७ चे दोन, उरले ३६. ३६ चे दोन, उरले १५. १५ चे दोन, उरले ६. ६ चे दोन, उरले ३. आणि ३ चे दोन, शून्य. पहिला चौरस सोडला तर प्रत्येक पायरीवर दोनच चौरस. हा योगायोग नाही. ए-४ मधोमध दुमडला की ए-५ होतो आणि त्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण पहिल्यासारखंच राहतं. असं व्हायला लांबी रुंदीच्या √२ पट असावी लागते. तेवढी नेमकी असती तर ही दोन-दोन चौरसांची रांग कधीच संपली नसती. कितीही बारीक चौरस घेतला तरी उरलेली पट्टी पुन्हा आधीच्या पट्टीच्याच प्रमाणाची, पुन्हा दोन चौरस, पुन्हा पट्टी. कागदाची मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये ठरवली आहेत म्हणून ती ३ मिलिमीटरवर थांबते.

म्हणजे असे आयतही असतात की ज्यांच्यात कोणताही समान चौरस बसत नाही. कितीही लहान घ्या, एका बाजूला काहीतरी उरणारच. मग चौरस सारखे असलेच पाहिजेत ही अट काढून टाकली तर? लहान-मोठे, मनाला येतील तसे चौरस घेऊन √२ बाय १ चा आयत भरता येईल का? जर्मन गणितज्ञ माक्स डेन यानं १९०३ मध्ये सिद्ध केलं की नाही. आयत मोजक्या संख्येच्या चौरसांनी भरता येतो तो फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच्या दोन्ही बाजू एकाच मापानं पूर्ण मोजता येतात. म्हणजे वेगवेगळ्या चौरसांची सूट मिळूनही मसाविची अट सुटत नाही.

ती अट पाळली तर मात्र वेगवेगळ्या चौरसांचा खेळ भलताच रंगतो. ३३ बाय ३२ सेंटिमीटरचा कागद घ्या. या दोन संख्यांचा मसावि १, त्यामुळे सारखे चौरस हवे असतील तर एक-एक सेंटिमीटरचे तब्बल १०५६ पाडावे लागतील. १९२५ साली झ्बिग्न्येव मोरोन या पोलिश गणितज्ञानं तोच आयत फक्त नऊ चौरसांनी भरला, आणि त्यातले कोणतेही दोन सारखे नाहीत. करून पाहा. ३३ ची कड वर ठेवा आणि डावीकडून १८ चा आणि १५ चा चौरस शेजारी-शेजारी आखा. १५ च्या खाली डावीकडे ७ चा आणि उजवीकडे ८ चा. १८ च्या खाली डाव्या कडेला १४ चा, त्याच्या उजवीकडे ४ चा. आता ४ आणि ७ च्या तळाखाली ११ सेंटिमीटरची रुंदी मोकळी आहे. तिथे १० चा चौरस घाला, तो थेट खालच्या कडेला टेकतो. त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याशी, ७ च्या तळाला लागून एक सेंटिमीटरचा चौरस बसेल, आणि त्याच्या नि ८ च्या खाली उरलेल्या जागेत ९ चा.